पिवळी पेन्सिल

वसमत, मंगळवार, मार्च १९७६

सुट्टीवर घरी आलोय, तर आज बंगलोरहून पत्र आलं. तिथल्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या जोसेफचं. आमच्या नव्या प्रोसेसरच्या पहिल्या चिप्स बनून आल्या आणि सगळ्या मेलेल्या निघाल्या. दोन वर्षांचं काम. चिपच्या नकाशात एक रेघ जोडायचीच राहिली होती, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात.

तो कोपरा माझा होता.

खोलीभर पसरलेल्या त्या नकाशावर आम्ही गुडघ्यांवर रांगत एकेक रेघ मूळ आराखड्याशी ताडून बघतो. बराबर असली तरच तिच्यावर पिवळी पेन्सिल फिरवायची. पिवळं म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं. त्या दिवशी दिवाळीला घरी यायची गाडी चुकेल म्हणून मी तो कोपरा न बघताच पिवळा करून टाकला. जोसेफनं माझ्या पिवळ्यावर विश्वास ठेवून खाली सही केली. आता तो लिहितो, "सही माझी, म्हणून चूक माझी. राजीनामा देऊन आलो." माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. त्याला खरंच कळलं नसेल? की कळूनही...

आई अंगणात हळकुंडं निवडत होती, एकेक हातात फिरवून बघत. बोटं पिवळीधमक.

"काहून असा बसून राहिला रे?"

"हापिसात मोठी चूक झाली, आई."

"कोनाकडून?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पत्र हातातच होतं.

"जोसेफकडून," मी म्हणालो.

"मग त्या लेकराला सांभाळून घ्या तुमी," आई म्हणाली आणि तिनं पुढचं हळकुंड उचललं.