गाडी खडखडली तरी आखाजीला येतो आहे

एरंडोल, चैत्र वद्य नवमी, शके १८६०

तीर्थस्वरूप वच्छलाअक्का हिच्या पायांशी धाकटा भाऊ लोटन याचा दंडवत. इकडे आम्ही सारे तुझ्या आशीर्वादाने उभे आहोत. तुझी कंबर कशी आहे, सुना रोज तेल लावून चोळतात की नुसतं "चोळतो" म्हणतात, ते कळवावं. माझं म्हणशील तर छातीत धडधडतं, पण ते लहानपणापासूनचं आहे. हे पत्र तुला तोताराम वाचून दाखवील. (भाचेबुवा, लिहिलं आहे तसं वाच. पुढे तुझ्याविषयी बरंच आहे, ते गाळू नकोस. माझी मराठी तिसरीच झाली असली तरी पत्राच्या ओळी मी मोजून ठेवल्या आहेत.)

मुख्य मजकूर असा, की अक्षय्य तृतीया जवळ आली; आखाजीसाठी तुला न्यायला मी मोटर घेऊनच येणार. गेल्या साली बैलगाडीतून आणलं तेव्हा पारोळ्यालाच तुझी कंबर धरली आणि तू म्हणालीस, "लोटन, माहेर आता माझ्या हाडांना झेपत नाही." ते वाक्य मला वर्षभर बोचत राहिलं. आखाजीला गावातल्या साऱ्या लेकीबहिणी झोक्यावर बसतील आणि माझी एकुलती एक बहीण धुळ्याला भिंतीला टेकून बसेल, हे माझे डोळे उघडे असेपर्यंत व्हायचं नाही. म्हणून तर जळगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याची जुनी मोटर घेतली. सासष्टाव्या वर्षी मोटर घेतली म्हणून लोक हसले. हसू देत. त्यांच्या बहिणी बैलगाडीतून येतात.

होळीनंतर तुला गाडी दाखवायला निघालो, तेव्हा मुकटीजवळच्या नाल्यात एका धोंड्याने तिचं पोट खरवडलं. (ड्रायव्हर धनसिंगची चूक नव्हती. मी "उजवीकडून घे" म्हणून ओरडलो, पण हात डावीकडे दाखवला. हे फार मोठ्याने वाचू नये.) तेव्हापासून ती खडखडू लागली. तुझ्या दारात उभी केल्यावर तोतारामने तिच्याभोवती एक फेरी मारली, जशी जत्रेत मरतुकड्या बैलाभोवती मारतात, आणि म्हणाला, "मामा, मनी मायले ह्या डबामा बसाडू का? पहिले खडखड बंद करा, मंग लई जा." अक्का, परतीच्या वाटेभर गाडीच बोलत होती.

मग मी त्या आवाजाच्या मागे लागलो. धनसिंग म्हणाला, दारं सैल आहेत. आम्ही चारी दारं सुंभाने आवळून बांधली. दोन दिवस धोतर सावरत वरूनच चढत-उतरत होतो, आवाज होता तसाच. म्हणून मी मागच्या जागेत खाली पालथा पडलो, कान तळाला लावला आणि धनसिंगला पद्मालयाच्या रस्त्याने गाडी हळू चालवायला सांगितली. लोकांना वाटलं, मला दवाखान्यात नेत आहेत. दोघे-तिघे टोप्या काढून मागे चालू लागले. घरी आलो तर दारात निम्मी गल्ली जमलेली. मी उठून बसलो, पण त्याने कुणाला फारसा आनंद झालेला दिसला नाही. इतका वेळ ताटकळल्याचं चीज झालं नाही, असंच त्यांचे चेहरे म्हणत होते.

आवाज पोटाखालच्या पत्र्यात आहे एवढं मात्र कळलं. आपल्या निंबा लोहाराला बोलावलं. तो गाडीखाली सरपटत गेला आणि आतूनच म्हणाला, "आबा, बैल ऱ्हाता तं डाग देतु. आठे कोठे डाग देऊ?" तरी त्याने पत्रा सोडवला, ठोकून सरळ केला. आता तू सांग, आपल्यात गाडीला नवा आस घातला की सुपारी आणि हळकुंड लाल फडक्यात बांधून आसाशी ठेवल्याशिवाय कुणी बैल जुंपतो का? मी तेच केलं. पुरचुंडी पत्र्यावर ठेवली आणि निंबाकडून पत्रा आवळून घेतला. आवाज कमी झाला नाही, उलट त्यात टकटक मिसळली. दुसऱ्यांदा पत्रा उघडला, पाचर मारली. काम नवं, म्हणून पुरचुंडी नवी; जुनी काढू नये, ती तिथेच. मग जळगावला मिस्त्रीकडे नेली. त्याने सारे नट आवळून छातीवर हात ठेवून सांगितलं की आता आवाज निघाला तर मिस्त्री हे नाव लावणार नाही. (तो समोरच्या हॉटेलात चहाला गेला, तेवढ्यात मी त्याच्या पोऱ्याकडून माझं काम करून घेतलं. परक्या माणसाने केलेल्या कामाला तर सुपारी जास्तच लागते.) असं सहा वेळा झालं. सहाव्या वेळी गाडी पाचोऱ्याच्या वरातीसारखी वाजत गल्लीत शिरली.

त्या दिवशी तुझी भावजय झुंबर ओट्यावर सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता थांबवला, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाली, "हाई तं मना पानना डबा हालाडा तशी वाजस! कितल्या सुपाऱ्या टाक्यात तुम्ही?" मी म्हटलं, "सहाच." तिने अडकित्ता खाली ठेवला आणि निंबाला हाक मारली. पत्रा उघडला. इंजिनाच्या आचेने फडकी केव्हाच जळून गेली होती आणि सहा सुपाऱ्या व सहा हळकुंडं पत्र्यावर मोकळी धावत होती. निंबा गाडीखालीच हसत राहिला, त्याला पाय धरून ओढून काढावं लागलं. झुंबरने सुपाऱ्या धुऊन डब्यात टाकल्या. त्यातली एक मी खाल्ली. पेट्रोलची चव येते, पण वाईट नाही.

तेव्हा टकटक गेली. राहिली ती मूळची खडखड, आणि तिला मी आता आवाज समजत नाही. अक्का, तुझे गुडघे वाजतात, माझी छाती वाजते, म्हणून आपल्याला कुणी मोडीत काढलं का? तोतारामने आडवं पडून दार अडवलं तरी मी न्यायला येणार. मुराळी मी आहे, तो नाही. वैशाख शुद्ध प्रतिपदेला सकाळी जेवून तयार राहा. माहेरी यायला मुलाची परवानगी लागते असं मी अजून कुठे ऐकलेलं नाही.

तुझा,
लोटन

ता. क. बसायला दोन गोधड्या आणाव्या. मागच्या बैठकीतली तार एका ठिकाणी वर आली आहे. कोणत्या ठिकाणी ते बसल्यावरच कळतं.

ता. क. दुसरा. (तोताराम, हे मनात वाच.) बाळा, नाला उतरताना गाडी जाते, चढताना दोनदा बंद पडली. धनसिंग एकटा ढकलतो, मला धाप लागते. तू त्या दिवशी तुझी बैलजोडी घेऊन मुकटीच्या नाल्याशी उभा राहशील का? सहज आल्यासारखा. सोबत जाड दोर आण. तुझ्या आईला एकाहत्तरावं लागलं आहे, आणि मला रात्री झोप नाही. आणखी किती आखाज्या येतील ते मी मोजत नाही, तूही मोजू नकोस. फक्त ये.

ता. क. तिसरा. अक्का, त्याने वरचं मोठ्याने वाचलंच असेल, त्याच्या पोटात काही राहत नाही. तर आता ऐक. नाल्यात काहीही झालं तरी खाली उतरायचं नाही. मोटर तिच्या पायाने येवो की बैलांच्या, तू एरंडोलच्या वेशीतून मोटारीत बसूनच आत येणार.