संत्या, तू शेडच्या दारात गात होतास

प्रिय संत्या,

तुला जाऊन सव्वा महिना झाला. आज दुपारी सदाभाऊ त्याच्या टोळीतल्या दोघांना घेऊन घरी आला. चहा प्यायला आणि उठता उठता म्हणाला, "बबनराव, पोलिसांनी इचारलं तर त्या दिवशी तुमी मंचरला व्हते. काय?" मी मान डोलावली. तो गेल्यावर दाराला कडी लावली आणि लिहायला बसलो.

तुझ्या गाण्यावर पहिला घाव माझाच, नाही का? चाकणच्या कंपनीतून सुट्टीला आलास आणि ओट्यावर पेटी मांडून म्हणालास, "दादा, मी येशूचा झालो. आता त्याचीच गाणी लिव्हनार." मी कुऱ्हाड उचलली. पहिल्या घावात पेटी फुटली. दुसऱ्या वेळी तू हात मधे घातलास. कुऱ्हाड उलटी होती म्हणून मनगट तुटलं नाही, नुसतं चुरलं. डॉक्टरला म्हणालास, "बैलानं तुडवलं." तुझा देव रागावला नाही का रे, एवढं खोटं बोललास तेव्हा?

हात वाकडाच जुळला. मला वाटलं, संपलं गाणं! तू दुसरी पेटी आणलीस आणि उलटा शिकलास. उजव्यानं भाता, डाव्यानं सूर.

मग ते कोकराचं गाणं केलंस. उसात बिबट्या आहे हे ठाऊक असून हरवलेल्या कोकरामागं आत शिरणारा मेंढका! मंचरला मित्राच्या खोलीत, ट्रकचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडकीला गोधड्या लावून रेकॉर्ड केलंस. मोबाइलवरून ते कुठं कुठं गेलं. नाशिकहून, नगरहून बोलावणी यायला लागली. कांद्याच्या वखारीत हमालसुद्धा गुणगुणायचे. मी उठून बाहेर जायचो. चाल डोक्यातून जायची नाही, त्याचाच जास्त संताप यायचा.

त्या रविवारी सदाभाऊनं विचारलं, "तुमचा भाऊ आज कुठं गातोय?" मी सांगितलं, शिनोलीच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमधे. तो कशाला विचारतोय ते मला माहीत होतं. वाटलं, घाबरशील, गाणं सोडशील... नाही, हेही खोटंच. मला तुला मार खाताना बघायचं होतं! म्हणून मी सदाभाऊ आणि त्याच्या दहा पोरांच्या मागं गेलो.

पत्र्यावर दगड पडले, तरी आतलं गाणं थांबेना. त्यांनी दार तोडलं. बायांना केस धरून बाहेर ओढलं. तू दारात आडवा उभा राहिलास. पहिला गज खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दात मातीत पडले. तरी गात होतास! शब्द कळत नव्हते, रक्ताच्या गुळण्या आणि चाल, बस. मी वीस पावलांवर, मोटारसायकलला टेकून उभा. तुला दिसलो.

"दादा, आत पोरी हायेत!"

मी हललो नाही. तिसरा गज तुझ्या डोक्यात बसला.

पाचव्या दिवशी गेलास. त्याआधी पोलीस जबाब घ्यायला आले, तर म्हणालास, "तोंडं बांधल्याली व्हती, कुनाला वळखलं न्हाई." माझं तोंड तर उघडं होतं ना रे!

खरं सांगू? तुझा रागच येतो. मला परस्पर माफ करून मोकळा झालास. शेडमधल्या त्या पोरींना विचारलंस? त्यातल्या सगळ्यात धाकटीचा त्या दिवशी मोडलेला हात अजून प्लास्टरमधे आहे. रस्त्यात मोटारसायकल वाजली की ती खाटेखाली शिरते. तुझी माफी तू दिलीस, तिची कोण देणार?

उद्या सकाळी पोलिसांकडं जातोय. अकराच्या अकरा नावं सांगीन, आणि बारावं माझं. सदाभाऊ घर पेटवील, पेटवू दे.

पण आधी तुझ्या सुनंदाकडं जाईन. ती मला अजून "भावजी, तुमचाच आधार" म्हणते. शेडचा पत्ता कुणी दिला ते तिला ठाऊक नाही. ते मी तिच्या दारात उभा राहून, तिच्या तोंडाकडं बघत सांगणार. मग तिनं दार लावून घेतलं, तरी मी तिथून घरी परतणार नाही. सरळ पोलिसांकडं जाईन. एवढं वचन देतो.

तुझा,
बबनदादा