वरच्या मजल्यावर गेलेली रोपं

अहो,

मी सरोजिनी नगरला ताईकडे जातेय, परवा येईन. आमटी तेवढी गरम करून घ्या.

बाल्कनीतल्या सिनेरारियाच्या फुलरोपांना वरून पाणी घालू नका. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, म्हणजे माती खालून भिजेल. तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा! काल वरच्या संपदाबाईंना किती प्रेमाने समजावत होतात, "बी अगदी बारीक, पुरायचं नाही, नुसतं भुरभुरायचं." स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. वाक्य माझंच होतं. दिल्लीला, या द्वारकेत राहायला आल्यापासून मी बाल्कनीत खपतेय, तेव्हा तुमची पेपरातून मान वर झाली नाही.

त्यांनी विचारलं, "इतकी छान रोपं तुम्हीच केलीत?" तुम्ही नुसते हसलात. शिवाय सगळ्यात जोमदार रोपं कुंड्यांत लावून त्यांच्या घरी पोचवलीत. माझ्या भाजीची पिशवी कधी जिना चढून आणलीत का?

आज सकाळी मी ती रोपं परत मागायलाच वर गेले. बघते तर कुंड्या भर उन्हात, रोपांनी माना टाकलेल्या. बाई रडवेल्या झाल्या होत्या. "अहिल्याताई, जगतील ना हो?" मग काय मागणार? सावलीत सरकवून पाणी दिलं. रोपं कोणी वाढवली, तेही शांतपणे सांगितलं. त्या बिचाऱ्या ओशाळल्या.

परवापासून त्या रोज संध्याकाळी शिकायला खाली येणार आहेत, माझ्याकडे. त्या वेळी तुम्ही फिरायला जात जा.

अहिल्या