भातकुलीला गेलेली आई

अकोला, १२ जुलै १९५८

चि. कमलाकांत यास सिंधूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी शैला इथे रुळली असं म्हणवत नाही. सहा वर्षांची पोर, पण हल्ली बोबडं बोलते, भात मीच भरवायचा म्हणते आणि अंथरूण ओलं करते. वऱ्हाडी मात्र अस्सल शिकली. मले नाई जेवाचं म्हणून ओरडते. तू पुण्याला शिकून आलास, तुझे कान दुखतील! परवा बाहुलीला फार बदडलं. रमा जाऊन चार महिने झाले, पण पोर आईचं नावही काढत नाही. त्याचीच मला धास्ती वाटते. एकदा येऊन जा. निदान खुशाली कळवीत जा, जीव टांगून ठेवू नकोस.

तुझी ताई

अमरावती, १९ जुलै

ती. सौ. ताईस कमलाकांतचा सा. न. वि. वि.

काळजी नसावी. याला आमच्या मानसशास्त्रात प्रतिगमन म्हणतात. दुःख झेपेनासं झालं की मन मागच्या, सुरक्षित वयात जाऊन बसतं. बाहुलीवरचा राग खरा दुसऱ्याच कोणावरचा असतो. आणि नको ती आठवण मन खाली दडपून टाकतं, ते दमन. सध्या ट्रेनिंग कॉलेजात हाच भाग शिकवतो आहे; विद्यार्थी रंगून ऐकतात. तिला रागावू नये, भरवावं.

येण्याचं म्हणशील तर परीक्षेचे पेपर काढायचे आहेत. शिवाय मला पाहून पोरीचं मन पुन्हा हलेल, ते तिच्या हिताचं नाही. जेवण खाणावळीत होतं. वाचनालय बंद होईतो तिथेच बसतो. घरी जाऊन करायचं काय? मेहुण्यांना नमस्कार. भावावर रुसलीस तरी चालेल, विसरू नकोस.

कमलाकांत

अकोला, ५ ऑगस्ट

चि. कमलाकांतास आशीर्वाद.

काल शैला शाळेतून घरी आलीच नाही. आम्ही सारी आळी पालथी घातली. शेवटी मोटार स्टँडवरचे कंडक्टर केशवराव तिला हाताला धरून घेऊन आले. ती चुकून अकोटच्या गाडीत चढून बसली होती आणि रमाच्या माहेरची भातकुली आली की सांगा म्हणत होती. मी जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, आई आजोळी गेली न, बाबानं सांगतलं. मले इसरली असन ते.

कमलाकांत, हे तू तिला सांगितलंस? आणि मला कळवलंही नाहीस? अरे, ती काही दडपत नव्हती, वाट पाहत होती. तुझं शास्त्र खोटं नसेल. पण आई मेली हे पोरीला बापाने सांगायचं की पुस्तकाने? पेपर, तिचं हित, वाचनालय, जे जे तू पुढे करतोस त्यालाही तुमच्यात एखादा शब्द असेलच. मला तो नको. तू ये.

रागाने लिहिलं, पण माया कमी समजू नकोस.

ताई

अमरावती, १७ ऑगस्ट

ती. सौ. ताईस सा. न.

आम्ही पोचलो. तुझ्या घरी मला ते तिला सांगवलं नाही, म्हणून तिला घेऊनच निघालो. बडनेऱ्याला उतरलो आणि फलाटावरच्या बाकावर सांगितलं, की आई भातकुलीला नाही, ती मेली, आता येणार नाही. पुढची वाक्यं तयार होती, पण रडूच फुटलं. ताई, रमा गेल्यापासून मी रडलोच नव्हतो. हमाल थांबून बघू लागले. शैला आधी टक लावून पाहत राहिली, मग बुक्क्या मारत सुटली. कावून नाई सांगतलं, कावून, एवढंच विचारत होती. मी मारू दिलं. थकून मांडीवर झोपली.

घरी आल्यावर तिने आईचं लुगडं मागितलं. रमाची पेटी मी उघडलीच नव्हती. आता ते पांघरून निजते. अंथरूण अजून ओलं होतं; मीच धुतो. भरवायला जमत नाही, सगळा भात सांडतो. आशीर्वाद असू दे.

कमलाकांत

अकोला, २४ ऑगस्ट

चि. कमलाकांत व चि. शैला यांस आशीर्वाद.

भाताला आधी तूप लावावं, मग वरण, आणि घास लहान घ्यावा. दिवाळीला तिला नक्की आण.

इकडे ठीक. मूल नसलेल्या घराची आम्हाला सवय आहे, असं मी विचारणाऱ्याला सांगते. काल हे कोर्टातून येताना सवयीने लिमलेटच्या गोळ्या घेऊन आले. पुडी हातात धरून दारातच उभे राहिले. संध्याकाळी आम्ही दोघांनी एकेक गोळी तोंडात टाकली आणि दिवा न लावता ओसरीवर बसून राहिलो.

पत्र टाकत जा. दोन ओळी पुरतील.

तुझी ताई