दिवसा लावायचं नसतं

आई, आज दुकानात एक नवी नवरी आली होती. परफ्यूमची बाटली हातात धरून तिने विचारलं, "हे दिवसा लावलं तर चालेल का?" रोज किती जणींना मी याचं उत्तर देते. आज मी माझ्याबरोबरच्या मुलीला पुढे केलं, तिनेच सांगितलं. म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, तरीही.

डहाणू स्टेशनजवळच्या या दुकानात लागले, त्या पहिल्या दिवाळीला मी तुझ्यासाठी तीच बाटली आणली होती. तू झरी गावातल्या आपल्या घरी ओट्यावर बसली होतीस, चिकूच्या वाडीवरून नुकतीच आलेली, बोटांना चीक तसाच. मी तुझ्या मनगटावर एक फवारा मारला. आधी संत्र्याच्या सालीसारखा झणझणीत वास आला, जरा वेळाने मोगरा, आणि तू चूल पेटवेपर्यंत उरला तो चंदनाचा, थोडा गुळाच्या पाकासारखा गोड. मनगट नाकाशी धरून तू म्हणालीस, "हे तर घडीघडीला बदलतंय गं." इतकं नेमकं मला दुकानातही कोणी सांगितलं नव्हतं.

मग चैत्रात विवळवेढ्याच्या देवीला जाऊन परतताना तू दुकानात आलीस. नवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि पदरावर इतकं सेंट मारलेलं की तुझ्याआधी वास आत आला. उन्हाने तो आणखी दाट झाला होता. काउंटरवर एका बागायतदाराच्या घरच्या बाई उभ्या होत्या. मी तुझ्याकडे न बघता हळूच म्हटलं, "आता गर्दी आहे, नंतर ये." गर्दी नव्हतीच. तू प्रसादाची पुडी काचेवर ठेवलीस आणि वळलीस. त्या बाई म्हणाल्या, "वास छान आहे हो त्यांचा. कोण त्या?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक आहेत." त्यांनी तीच बाटली घेतली. शेठ माझ्यावर खूश झाले.

संध्याकाळी भात वाढताना तू विचारलंस, "दिवसा लावायचं नसतं का ते?" मी गिऱ्हाइकांना सांगते तेच सांगितलं. हा वास जड आहे, तो थंडीत, संध्याकाळी, लग्नाकार्यात शोभतो. आपल्याकडच्या उन्हात लिंबाच्या जातीचं हलकं काहीतरी लावावं, तेही कानामागे जरासंच. तू "बरं" म्हणालीस. त्यानंतर तुझ्या अंगाला तो वास मला कधी आला नाही.

तू गेल्याला आता बारा वर्षं होतील. तेव्हा तुझं दिवसकार्य झाल्यावर मावशीने तुझी ट्रंक उघडली, तर बाटली जवळजवळ रिकामी. मी विचारलं, "कधी लावायची ती?"

"वाडीवर जाताना," मावशी म्हणाली. "तू दुकानात गेलीस की. आणि तू यायच्या आत मान, हात घासून धुवायची. म्हणायची, पोरीला आवडत नाही."

तेव्हा मी मावशीला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. म्हटलं, आईला ऐकू जाईल असं वाटलं नव्हतं, ती रस्त्यावर पोचली होती. मावशीने ते मानलं. पण ते खरं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तू पायरीवर वाकून चपला घालत होतीस. मी "गिऱ्हाईक" म्हटलं तेव्हा तुझा हात थांबला, आणि तो थांबलेला मी पाहिला.