विहीणबाई, अंडं खा

प्रिय विहीणबाई,

असं काय असतं म्हणजे? अंड्यात काय असतं हे तुम्ही मला विचारता? मग डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा पंख्याकडे काय बघत बसला होता? तुमच्या वाटचं मीच ऐकलं. आता फोनवर सांगायला जावं, तर मी नुसतं 'अं' म्हटलं की तुम्ही फोन ठेवता. परवा अंबाडीची भाजी पाठवते म्हणून सांगणार होते, तीपण गेली. म्हणून हे पत्र. धर्मेश आनंदनगरला कामावर जाताना अंबरनाथला उतरून तुमच्या हातात देईल. जावयाच्या हातून आलंय, म्हणजे फाडायची सोय नाही. माझी शाळा गावातली, चौथीपर्यंतची. अक्षराला हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

तर ऐका. तुमच्या पिशवीत गाठ आहे, ती काढायचीय. पण अंगात रक्त नाही, ताकद नाही, म्हणून डॉक्टरीण हात लावायला तयार नाही. दर वेळी उल्हासनगरला जायचं, सुई टोचून घ्यायची, आणि 'अजून रक्त भरलं नाही, पुढच्या महिन्यात या' ऐकून परत यायचं. गाठ काय थांबलीय का तुमच्यासाठी? लोहाच्या गोळ्या घेता, मान्य. पण बदलापूरला आमच्या बेलवलीत येऊन बघा, गल्लोगल्ली बिल्डिंगा उठतायत. नुसत्या सळ्या आणून टाकल्या तर स्लॅब होतो का? सिमेंट नको? ते सिमेंट म्हणजे प्रोटीन. अंड्यातलं प्रोटीन अंगाला लगेच लागतं म्हणे. वर बी-बारा, ते रक्ताला हवंच. हाडांसाठी डी. बलकात आणखी कायतरी असतं, डोळ्यांना आणि मेंदूला चांगलं. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसलं नाही, पण मेंदू म्हटल्यावर मी तुमच्याकडेच बघितलं. डॉक्टरीणसुद्धा हसली.

मटण तुम्हाला पचत नाही, अर्ध्या दाढा गेल्या, डाळीने पोट फुगतं. अंडं बिचारं काय मागतं तुमच्याकडं? उकडा, मीठ-मिरी टाका, गिळा. बलकाने कोलेस्ट्रॉल वाढतं असं तुमच्या भावेशने मोबाईलवर वाचलंय ना, तेपण मी विचारलं. तुमचे रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, रोज एक-दोन चालतील, बलकासकट. फक्त कच्चं फेटून दुधात घ्यायचं नाही, त्याने पोट बिघडतं. झालं? अजून काय पाहिजे, कोंबडीची सही?

आणि मला नका सांगू की तुम्हाला आवडत नाही. प्राची-धर्मेशच्या लग्नात मी वरमाय, नटूनथटून मान घ्यायला आले, तर विहीणबाई गायब. मागच्या दारी आचाऱ्याच्या कढईपाशी बुर्जी खात उभ्या. तोंडात घास, हाताला मसाला, आणि माझ्या कपाळाला तोच मसाल्याचा हात लावून कुंकू लावलं तुम्ही. सगळं लग्नभर माझ्या नाकात कांदा. त्याच दिवशी मी घरी येऊन ह्यांना बोलले, बाई आपल्यातली आहे.

ह्यांचं तर विचारूच नका. जयदेव पाटलांना अंडी बेलवलीत घ्यायची नसायची. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक सिंधी दुकानदार होता, तो 'भाऊ, बैदा एकदम ताजा' म्हणायचा, की हे खूश. स्कूटरवर पायाशी ट्रे ठेवून बदलापूरपर्यंत यायचे, खड्डा दिसला की उतरून ढकलत. घरी आले की पहिलं ऑम्लेट माझं. हिरवी मिरची जास्त, कडा कुरकुरीत. आता ते नाहीत, ट्रेपण नाही. सकाळी ऋतिकासाठी एक उकडते, सोलून देते. ती बया अर्धा बलक हातात घेऊन 'आजी, आ कर' म्हणून मागे लागते. मी तोंड फिरवते.

ह्या ऋतिकापायीच तर तुम्ही हट्ट धरून बसलाय. प्राचीला मूल होईना, तेव्हा तुम्ही गावदेवीला बोललात, माझ्या लेकीची कूस उजव, मी जन्मभर अंडं खाणार नाही. जे सगळ्यात जास्त आवडतं ते सोडलंत. तेव्हा मला भरून आलं होतं, खोटं नाही सांगत. पण आता पोरगी धावतेय, माझ्या चपला लपवतेय, मला 'ए म्हातारे' म्हणतेय. आणि तुम्हाला वाटतं, एक अंडं खाल्लं तर तिला काय होईल! अहो, देवी आई आहे, कॉन्स्टेबल नाही. तुमची गाठ वाढून तुम्ही आडव्या झालात, तर ते तिला बरं वाटेल का? सगळे समजावून थकले. भावेश थकला, प्राची रडली, तुम्ही आपल्या 'दिला शब्द म्हणजे दिला'. डोकं आहे की पाटा?

आता खरं सांगते, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. दिवाळी झाली तेव्हा एका मंगळवारी मी तुमच्या गावदेवीला जाऊन आले. ओटी भरली, नारळ ठेवला, आणि बोलले, आई, नात दोघींची आहे, मग नवस एकटीने का वाहायचा? ठमाबाईंनी वाहिला तेवढा पुरे, आता पुढचा माझ्याकडे दे. पुजाऱ्याने कौल लावला, उजवा पडला. त्या दिवसापासून तुम्ही मोकळ्या आहात. घरात मी पित्त होतं म्हणून सांगितलं. तुम्हाला सांगितलं असतं तर भांडत इथवर आला असता. मला वाटलं, ऑपरेशनच्या भीतीने तुम्ही आपसूक खाल, आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहील. कसलं काय! तुम्ही पण खात नाही, मी पण खात नाही, दोघी उपाशी, आणि देवी बसलीय डोक्याला हात लावून. आजच्या आज उकडा, आणि माझ्या वाटचंपण खा. कारण विहीणबाई, तुम्हाला कधी बोलले नाही, पण मला अंडं तुमच्यापेक्षा जास्त आवडतं.

तुमचीच, वैतागलेली,
सखू