उतारावरच्या शेळ्या

१२ मार्च
पुन्हा त्या शेळ्या! खिडकी उघडली तर एक दाढीवाली माझ्या गुलाबाच्या कळ्या खातेय. ओरडले. थ्रासोस — शेळ्या राखणारा म्हातारा — दात काढत आला. "बाई, गुलाब परत येतो. हा उतार पेटला तर घर नाही परत येत. झुडपं माझ्या शेळ्या खातात म्हणून तुम्ही इथे निवांत कॉफी पिता."
उपकारच केले! अथेन्स सोडून डोंगरावर आले ती काय लेंड्या तुडवायला?

१९ मार्च
अर्ज तयार. बारा घरांपैकी अकरांच्या सह्या. शेजारचा मेनेलाओस वकील, त्याने 'आरोग्यास धोका' वगैरे घातलं. फक्त खालच्या टोकाची दाफ्नी अडली. ऐंशी उलटलीय, वॉकर धरून चालते. म्हणे, "माझ्या मागचं रान तोच साफ ठेवतो गं. मला कुठे वाकता येतंय?"
म्हटलं, मग बसा लेंड्यांत!

६ एप्रिल
बंदी आली! शेळ्या नाहीत, हिवाळ्यात तो थोडं थोडं गवत जाळायचा तेही नाही.

५ मे, ईस्टर
थ्रासोसने सगळ्या शेळ्या खाटकाला दिल्या. आम्ही अंगणात बकरं भाजलं. मेनेलाओस म्हणाला, "नीट चावून खा, एवान्थिया. तुझ्या गुलाबाची चव लागेल." पोट दुखेपर्यंत हसलो.

२० जून
झुडपं कमरेइतकी. थ्रासोस कोयता घेऊन दाफ्नीच्या घरामागे एकटाच तोडत होता. विचारलं, परवानगी आहे? वर न बघता म्हणाला, "वाळल्या काड्यांना विचारा." मला! नगरपालिकेला फोन केला. माणूस आला, काम बंद पाडून गेला. दाफ्नी दारात उभी राहून रडली. नाटकं.

११ ऑगस्ट
वारा थांबत नाही. डोंगरापलीकडे धूर.

१३ ऑगस्ट
बहिणीकडे, अथेन्समध्ये. केसांना अजून जळका वास.
काल दुपारी गच्चीवर गेले. खाली रस्त्यावर थ्रासोस, हातात पेटती जुडी! झुडपांना लावत पळत होता. मला पाहून ओरडला, "गाडीत बसा बाई, बघत काय उभ्या राहिलात!" गाडी काढली. मागे वळून पाहिलं नाही.
आमची गल्ली वाचली. खालच्या टोकाचं घर तेवढं गेलं. दाफ्नी आत होती.

१४ ऑगस्ट
पोलीस आले. सांगितलं — थ्रासोसला उतार पेटवताना मी पाहिलं. खरंच आहे ते. साहेब म्हणाले, "तुम्हीच तक्रार केली होती ना? मग सूड." मी मान डोलावली.

१७ ऑगस्ट
दाफ्नीची माती. तिची भाची मला मिठी मारून म्हणाली, "तुम्ही होता म्हणून तो सापडला."

९ फेब्रुवारी
गल्लीची सभा. वनखात्याची एक पोरगेली बाई नकाशा घेऊन आली. घराभोवती मोकळी पट्टी ठेवा, हिवाळ्यात जरा जरा जाळा, उतारावर शेळ्या चारा — आग येईलच कशाला! टाळ्या. शेळ्या दुसऱ्या गावाहून आणायच्या. समितीची अध्यक्ष मी.
मेनेलाओसने विचारलं, "राखायला कोण?" सगळे आपापल्या कपात बघत बसले.
जाताना ती बाई म्हणाली, आग अंगावर आली की जुने लोक तिच्यासमोर दुसरी आग लावत. मधलं रान आधीच जळून जातं, मोठी आग उपाशी मरते. तुमच्याकडे कुणाला येतं का हे?
म्हटलं, नाही.

२८ मे
थ्रासोसला बारा वर्षं.
इथे तरी लिहिते. मी गच्चीवर चढले तेव्हा दाफ्नीचं छप्पर मोठ्या आगीत कोसळून गेलं होतं. त्यानंतर, माझ्या डोळ्यांदेखत, त्याने काडी ओढून जुडी पेटवली. मला कोर्टात हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर पुढचा प्रश्न शेळ्यांचा आला असता.